सा रे म ग : फ्लॉरेन्स ते व्हिएन्ना, नऊ दिवस

पहिला दिवस, रविवार

फ्लॉरेन्सच्या स्टेशनाबाहेर पडलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. आम्ही तेरा जण: चित्रकलेची सात मुलं, गाणं शिकणारी चार, त्यांना शिकवणारे सर आणि मी. सगळे कोल्हापूरचे. मुलांच्या घरच्यांनी दोन वर्षं भिशीसारखे दरमहा पैसे बाजूला टाकले होते. नऊ दिवसांत सात शहरं दाखवण्याची एक योजना आमच्यासमोर आली होती, ती आम्ही नको म्हटली. तीन शहरं पुरेत. रोज एकच मोठी गोष्ट बघायची आणि तिच्यासमोर पाय दुखेपर्यंत उभं राहायचं, असं सरांनी आणि मी मिळून ठरवलं.

गल्लीतून वळलो आणि एकदम समोर कॅथेड्रलचा घुमट. लाल कौलांचा, इतका मोठा की गल्लीत मावेना. कुणी फोटो काढला नाही. एक मुलगी फक्त "आई गं" म्हणाली.

रात्री जेवताना पाव तोंडात घातला आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पावात मीठच नव्हतं. टस्कनीतला पाव असाच असतो, बिनमिठाचा, शेकडो वर्षांपासून. खारवलेलं मांस आणि चीज यांच्याबरोबर तो बरोबर लागतो. आमच्या मुलांनी पिशवीतून ठेचा काढला. तोही बरोबर लागला.

दुसरा दिवस, सोमवार

सोमवारी इथली दोन मोठी संग्रहालयं, उफिझी आणि अकादेमिया, बंद असतात. म्हणून आजचा दिवस चर्चसाठी. सकाळी सांता मारिया नोव्हेला.

आत डाव्या भिंतीवर मासाच्चो या चित्रकाराचं 'त्रिनिटी' आहे. साधारण १४२७ सालचं भित्तिचित्र. क्रुसावरचा ख्रिस्त, त्याच्यामागे देवपिता, खाली मेरी आणि जॉन, त्याच्याही खाली चित्र काढवून घेणारं जोडपं गुडघे टेकून. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर चौकटीचौकटींचं अर्धगोल छत, भिंतीच्या आत खोलवर गेलेलं. भिंत अर्थातच सपाट आहे.

मी वर्गात यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर खोलपणा दाखवणं, शिकवते तेव्हा फळ्यावर क्षितिजरेषा काढते, लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात तो लोपबिंदू ठेवते, रेघा ओढते. इंटरमिजिएटला बसणारी मुलं रेल्वेचे रूळ आणि विजेचे खांब काढून मोकळी होतात. मार्क मिळतात. पण हे सगळं कशासाठी, हे मला फळ्यावर कधीच नीट दाखवता आलं नाही. म्हणून इथे मी काहीच सांगितलं नाही. म्हटलं, फिरा. जवळ जा, लांब जा, डावीकडून बघा.

दहा-पंधरा मिनिटं गेली. गाण्याच्या मुलांपैकी एक जण, जो सकाळपासून जांभया देत होता, मागे मागे सरकत अचानक थांबला. "मॅडम, इथनं छत खरं वाटतंय."

त्याने सॅक काढून जमिनीवर ठेवली, खूण म्हणून. मग एकेक जण येऊन त्या सॅकपाशी उभा राहिला. खरंच, दोन पावलं पुढे गेलं की छत चपटं होतं, दोन पावलं बाजूला सरकलं की कलतं. त्या जागी उभं राहिलं की भिंत उघडते. लोपबिंदू कुठे आहे ते मी मग विचारलं. तो क्रुसाच्या पायाशी आहे, बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर. म्हणजे मासाच्चोने आधी माणूस उभा केला आणि मग चित्र काढलं. तो माणूस म्हणजे आपण. यथार्थदर्शन म्हणजे आपण नेमके कुठे उभे आहोत हे ठाऊक असणं, एवढंच मला इतकी वर्षं सांगायचं होतं.

परवानगी होती तितकं जवळ जाऊन आम्ही गिलावा बघितला. त्यात रेघा कोरलेल्या दिसतात. ओल्या गिलाव्यावर आखणी करायची, गवंडी सूत लावतो तसं, आणि गिलावा वाळायच्या आत रंग भरायचा. चुना वाळताना रंग स्वतःत धरून ठेवतो. त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवतात. त्या तुकड्याला 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. आमची मुलं अजिंठ्याला दोनदा जाऊन आली आहेत. तिथे रंग चिकट द्रव्यात कालवून कोरड्या पृष्ठभागावर लावले आहेत. एका मुलीने हा फरक स्वतःच विचारला, आणि मग चर्चच्या बाकावर बसून तिने वहीत दोन्ही भिंतींचे उभे छेद काढले.

चित्राच्या अगदी खाली एक सांगाडा आडवा आहे आणि त्यावर इटालियनमध्ये लिहिलंय: तुम्ही आहात तो मी होतो, मी आहे ते तुम्हीही व्हाल. मासाच्चो १४२८ मध्ये गेला, सत्तावीस वर्षांचाही नव्हता. पुढे १५७० च्या सुमारास व्हासारी या चित्रकार-लेखकाने या चित्रासमोर वेदी उभारून ते झाकलं, आणि ते पुन्हा दिसायला १८६० साल उजाडावं लागलं. जवळजवळ तीनशे वर्षं हे छत अंधारात आत गेलेलंच होतं.

दुपारी नदीपलीकडे ब्रान्काच्ची चॅपेल. आदम आणि ईव्ह स्वर्गातून बाहेर पडताना. ईव्हचं उघडं तोंड बघून मुलं गप्प झाली. मीही.

तिसरा दिवस, मंगळवार

सकाळी घुमट चढलो. ४६३ पायऱ्या. घुमट दुहेरी आहे, आतला एक आणि बाहेरचा एक, आणि जिना या दोन कवचांमधून जातो. त्यामुळे चढताना घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीच्या विटा हाताच्या अंतरावर असतात. विटा नुसत्या आडव्या नाहीत; ठरावीक अंतराने उभ्या विटा मध्ये घालून माशाच्या काट्यासारखी वीण केली आहे. ओला थर घसरू नये म्हणून उभी वीट त्याला अडवते. एवढा मोठा घुमट खालून लाकडी ढोल्याचा आधार न देता बांधायचा होता, कारण तेवढं लाकूड उभं करणंच अशक्य होतं. १४२० मध्ये काम सुरू झालं आणि १४३६ मध्ये घुमट मिटला. आमच्यातल्या एकाचे वडील गवंडी आहेत. तो प्रत्येक वळणावर थांबून विटांचे फोटो घेत होता, बाबांना दाखवायला. मागून लोकांची रांग खोळंबत होती, तरी मी त्याला घाई केली नाही.

दुपारी कॅथेड्रलच्या मागचं संग्रहालय. इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ काढला, आणि कुणी फ्लॉरेन्सला जाणार असेल तर त्याने एक वेळ दुसरं काही सोडावं पण हे सोडू नये असं मला वाटतं. शिल्पकार लुका देल्ला रोब्बियाने १४३१ ते १४३८ या काळात कॅथेड्रलसाठी गायकांचा संगमरवरी सज्जा केला. त्यावर स्तोत्रातले शब्द कोरले आहेत आणि शब्दांच्या मधल्या चौकटींत मुलं आहेत: कुणी तुतारी वाजवतंय, कुणी झांजा, कुणी नाचतंय, कुणी गातंय.

गाणाऱ्या मुलांच्या चौकटीपुढे सर उभे राहिले ते हललेच नाहीत. सात-आठ पोरं दाटीवाटीने उभी, हातात एकच उलगडलेली गुंडाळी. एकाचं तोंड पूर्ण उघडं. एकाच्या भुवया आखडलेल्या. मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर. सर म्हणाले, "हा खर्जातला आहे बघा, हनुवटी खाली गेलीय. आणि हा वरचा. याला अजून सूर पक्का सापडलेला नाही, म्हणून शेजाऱ्याच्या तोंडाकडे कान केलाय." व्हासारीनेही सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय की मोठी मुलं लहानांच्या खांद्यावर हाताने ताल देताहेत. सरांच्या चारही शिष्यांनी आपापले हात बघितले. तेही वर्गात असंच करतात.

मग सरांनी मोबाइल काढला. घुमट पूर्ण होत आला तेव्हा, २५ मार्च १४३६ ला, पोप युजीन चौथा याच्या हस्ते कॅथेड्रलचा पवित्रीकरण सोहळा झाला, आणि त्यासाठी ग्योम द्युफाय या संगीतकाराने 'नुपेर रोझारुम फ्लोरेस' ही चार आवाजांची रचना केली. पोपने कॅथेड्रलला सोन्याचा गुलाब दिला होता, त्या गुलाबाने शब्द सुरू होतात. खालचे दोन आवाज एकच धून पाचव्या सुराच्या अंतरावरून, मागेपुढे गातात, आणि रचनेच्या चार भागांच्या लांबीचं प्रमाण ६:४:२:३ असं आहे. हे प्रमाण घुमटावरून घेतलं की बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिरावरून, यावर विद्वानांत वाद आहे. आम्ही बाहेर येऊन चौकातल्या पायऱ्यांवर बसलो, आणि समोर घुमट ठेवून ते ऐकलं. इअरफोनच्या एका जोडीत दोघं-दोघं. आवाज कमी पडत होता, बाजूने टांगे जात होते. तरीही कुणी कान काढला नाही.

चौथा दिवस, बुधवार

अकादेमिया. डेव्हिडचा पुतळा ५.१७ मीटरचा आहे हे आकडे आपण पाठ करतो, पण समोर उभं राहिल्यावर लक्ष जातं ते उजव्या हाताकडे. हात मोठा आहे, शिरा फुगलेल्या आहेत, आणि बाकीचं शरीर सैल आहे. लढाई अजून व्हायची आहे. ज्या दगडातून मायकेलँजेलोने तो १५०१ ते १५०४ मध्ये काढला, तो दगड आधी दुसऱ्याने थोडा कोरून सोडून दिलेला होता आणि अनेक वर्षं पडून होता. मुलांना मात्र डेव्हिडपेक्षा त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे मायकेलँजेलोच्याच 'कैद्यां'चे चार अर्धवट पुतळे आवडले. दगडातून खांदा बाहेर आलाय, डोकं अजून आतच. टाकीचे घाव ताजे वाटतात. शिल्पकलेकडे वळू पाहणारा एक मुलगा तिथे दीड तास रेखाटत बसला.

बहुतेक लोक डेव्हिड बघून बाहेर पडतात. याच इमारतीत वाद्यांचं संग्रहालय आहे, तिकीटही तेच. आत गेलो आणि सरांचा चेहरा बदलला. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची वाद्यं. स्ट्राडिव्हारीने १६९० मध्ये केलेला मोठा व्हायोला, जवळजवळ जसाच्या तसा. आणि बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीचं त्याच वर्षीचं लंबगोल स्पिनेट, म्हणजे पट्ट्यांचं छोटं तंतुवाद्य.

पहिला पियानो बनवणारा तो हाच. क्रिस्तोफोरी पादुआचा. मेदिची युवराज फर्दिनांदोने त्याला १६८८ मध्ये नोकरीला आणलं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. काल ज्या सज्ज्यासमोर आम्ही दुपार घालवली, तो कॅथेड्रलमधून उतरवला गेला तो याच युवराजाच्या लग्नासाठी, त्याच १६८८ सालात. गाणाऱ्या पोरांचा सज्जा खाली आला, आणि पियानो करणारा माणूस गावात आला.

पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जाते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी आणली. सरांनी संतूरचं उदाहरण दिलं: कलम तारेवर पडलं की लगेच उचललं पाहिजे, नाहीतर तीच तार दाबली जाऊन आवाज मरतो. माणसाचं मनगट हे आपोआप करतं. यंत्राकडून करून घ्यायचं, तर पट्टी दाबलेली असतानाही हातोडी स्वतःहून मागे पडली पाहिजे. ती कळ त्याने बसवली, आणि बोटाचं वजन थेट सुरात उतरायला लागलं. १७०० सालच्या मेदिची दरबाराच्या यादीत या वाद्याची नोंद 'हळू आणि मोठा आवाज करणारं' अशी आहे. त्याने केलेले तीन पियानो आज शिल्लक आहेत, न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिगमध्ये. फ्लॉरेन्समध्ये एकही नाही. एका मुलीला याचं फार वाईट वाटलं. "गावाकडं एक तरी ठेवायचा की," असं ती रात्री जेवतानाही म्हणत होती.

पाचवा दिवस, गुरुवार

उफिझी. गर्दी खूप. आम्ही ठरवून तीनच खोल्या बघितल्या. चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो या चित्रकारांच्या तीन मोठ्या मेरी एकाच दालनात आहेत. पहिल्या दोघी सिंहासनापुढे तरंगतात, जोत्तोची मेरी सिंहासनावर बसते, तिचे गुडघे कपड्यातून कळतात. तिथून पुढच्या शंभर वर्षांचा रस्ता सरळ मासाच्चोपर्यंत जातो. दुपारी सान मार्को मठ. भिक्षूंच्या खोल्यांत फ्रा आंजेलिकोने एकेक चित्र काढलंय, त्या खोलीत राहणाऱ्या एकाच माणसासाठी. पांढरी भिंत, लहान खिडकी आणि चित्र. मुलं कुजबुजत बोलायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं.

सहावा दिवस, शुक्रवार

दिवसभर गाडी. दोनदा बदलून, ब्रेनर खिंडीतून ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला. ही वाट मोझार्टचीही. डिसेंबर १७६९ मध्ये वडिलांबरोबर तो हीच आल्प्सची खिंड घोडागाडीतून ओलांडून इटलीत उतरला, तेव्हा चौदाही पूर्ण नव्हता. पुढच्या वसंतात तो फ्लॉरेन्समध्ये होता. तिथे त्याला टॉमस लिनली नावाचा इंग्रज मुलगा भेटला, त्याच्याच वयाचा, व्हायोलिन वाजवणारा. दोघं काही दिवस एकत्र वाजवत राहिले आणि निघताना रडले. पुन्हा त्यांची गाठ पडली नाही. लिनली बावीस वर्षांचा असताना इंग्लंडमध्ये तलावात बुडून गेला. सर हे सांगत होते तेव्हा खिडकीबाहेर बर्फ होतं. आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाने बराच वेळ बाहेर बघितलं आणि मग भडंगाची पुडी शेजारच्यापुढे केली.

सातवा दिवस, शनिवार

गेट्राइडेगासे ९, पिवळं घर, तिसरा मजला. २७ जानेवारी १७५६ ला मोझार्ट इथे जन्मला. आत त्याचं लहानपणीचं व्हायोलिन आहे. गर्दीत ते बघायला मिळालं तेवढं बघितलं.

नदीपलीकडच्या दुसऱ्या घरात आंटोन वाल्टरने बनवलेला मोझार्टचा पियानो आहे. पाच सप्तकं. हाताला लागतील त्या मुख्य पट्ट्या काळ्या, वरच्या पांढऱ्या, म्हणजे आपल्या पेटीच्या उलट. पायाखाली पेडल नाही. गुडघ्याने उचलायचे दोन दांडे आहेत. आजच्या पियानोसारखी आत लोखंडी चौकट नाही, सगळं लाकूड. म्हणून आवाज लवकर विरतो आणि प्रत्येक सूर वेगळा, स्वच्छ ऐकू येतो. मोझार्टच्या स्वरलिपीत इतकी मोकळी जागा का असते, हे सरांना बरीच वर्षं पडलेलं कोडं होतं. काचेपलीकडचं ते लाकूड बघून ते म्हणाले, "एवढंच होतं होय."

आठवा दिवस, रविवार

व्हिएन्ना. डोमगासे ५, कॅथेड्रलच्या मागची अरुंद गल्ली. १७८४ ते १७८७ मोझार्ट इथे राहिला, 'फिगारो' हा ऑपेरा इथेच लिहिला. वडील भेटायला आले तेव्हा त्यांनी मुलीला पत्रात लिहिलं की आपण आल्यापासून हा पियानो निदान बारा वेळा घराबाहेर उचलून नेला गेलाय, कधी नाट्यगृहात, कधी कुणाच्या घरी. तो कालचाच पियानो! मुलांनी जिना वरपासून खालपर्यंत बघून घेतला.

१२ फेब्रुवारी १७८५ ला या घरात ज्येष्ठ संगीतकार हायडन आला होता. मोझार्टने हायडनला अर्पण केलेल्या सहा चौकड्यांपैकी, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनांपैकी, शेवटच्या तीन त्या संध्याकाळी वाजवल्या गेल्या, आणि हायडनने मोझार्टच्या वडिलांना सांगितलं की मला माहीत असलेल्या सगळ्या रचनाकारांत तुमचा मुलगा मोठा आहे. या चौकड्या म्हणजे दीर्घ, कष्टाच्या मेहनतीचं फळ आहे, असं मोझार्टने अर्पणपत्रिकेत लिहिलंय. मोझार्टच्या हातून सगळं सहज उतरायचं असं समजणाऱ्या आमच्या मुलांना हे वाक्य सरांनी तिथेच दोनदा वाचून दाखवलं.

नववा दिवस, सोमवार

संध्याकाळी मुझिकफेराइनचं सोनेरी सभागृह. १८७० चं. तिकिटं उभं राहायची, सर्वांत स्वस्त, अगदी मागे कठड्यापाशी. दार उघडल्यावर लोक भराभर पुढे गेले. एका आजोबांनी कठड्याला मफलर बांधला आणि निवांत बाहेर गेले. आमच्या मुलींनी ते बघितलं आणि लगेच ओढणी बांधली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मुलांना हे समजवावं लागलं नाही.

मोझार्टची ४१वी सिम्फनी होती. १७८८ च्या एका उन्हाळ्यात त्याने तीन सिम्फनी पूर्ण केल्या, ही तिसरी, १० ऑगस्टची. सरांनी गाडीतच तयारी करून घेतली होती. शेवटच्या भागात चार सुरांची एक ओळ येते: सा, रे, म, ग. एवढंच. ती धरून ठेवा, बाकीचं आपोआप येईल.

शेवटचा भाग सुरू झाला आणि पहिल्याच श्वासात व्हायोलिननी ती म्हटली. कठड्यावर अकरा बोटं एकदम हलली. मग ती खाली गेली, चेलोंकडे. मग उलटी झाली. मध्येच दुसरी, तिसरी ओळ तिच्यावर चढली. चित्रकलेची जी मुलगी फ्लॉरेन्समध्ये भिंतीचे छेद काढत होती, ती डोळे मिटून उभी होती आणि बोटाने हवेत रेघा ओढत होती, एक इथून, एक तिथून. शेवटी या भागातल्या पाचही धुनी एकावर एक येतात, प्रत्येक वाद्याकडे वेगळी, आणि तरी सगळं स्वच्छ ऐकू येतं. मी पाच मोजू शकले नाही. तीन मोजले.

बाहेर थंडी होती. कार्ल्सप्लात्झच्या स्टेशनात गाडीला सात मिनिटं होती. त्या मुलीनेच हळू आवाजात सुरू केलं, सा रे म ग. दोन मात्रा सोडून गाण्याचा मुलगा शिरला. मग आणखी एक. मग बाकीचे, कुणी आधी, कुणी उशिरा, कुणी बेसूर. सर सर्वांत मागे उभे होते आणि पुढच्या मुलाच्या खांद्यावर हाताने ताल देत होते.